डाव्या कोपऱ्यातला सापळा

दादाच्या कीबोर्डच्या स्पेसबारवर, मधल्यापेक्षा थोडा डावीकडे, एक गुळगुळीत लांबट डाग आहे. साधारण अठरा मिलिमीटरचा. बाकीची पट्टी अजून खरखरीत आहे. दादा आयुष्यभर कारखान्यात लेथवर राबला, त्यामुळे त्याचा अंगठा जिथे पडतो तिथेच पडतो. ती पट्टी दाबली की संगणकावरचा खेळ जागच्या जागी थांबतो. राक्षसाची कुऱ्हाड हवेतच राहते आणि आपल्या सहाही माणसांना निवांत सांगता येतं: तू मागे हो, तू त्याची जखम बांध, तू मंत्र म्हण.

हा खेळ दादा आणि मी चोवीस वर्षं खेळतोय. दर शनिवारी दुपारी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून मी थेट दादाकडे जाते. तीन माणसं त्याची, तीन माझी. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, लहानपणी विचारायची, "आत्या, यांना नाकडोळे का नाहीत?" खरंच नाहीत, बोटाएवढी माणसं, चेहऱ्याच्या जागी चार ठिपके. पण सहा जणांपैकी कुणालाच सगळं येत नाही. योद्ध्याला कुलूप उघडता येत नाही, मांत्रिक एका फटक्यात आडवा होतो. एकट्याने तळघरात उतरलं की मेलाच. नवे खेळ आम्ही आणून पाहिले, दोन शनिवार खेळलो आणि गुपचूप परत इथेच आलो.

सहातला चोर कागदोपत्री माझा, पण नावापुरता. चोर सापळे हुडकतो. सापळा असला की जमिनीचा तेवढा तुकडा लाल होतो आणि दोनतीन सेकंदांत सगळ्यांना थांबवावं लागतं. आमचं लक्ष लढाईत. मागे खुर्चीत शर्टांना बटणं लावत बसलेली वहिनी मान वर न करता म्हणायची, "सापळा. खिडकीखाली." आणि वर, "दोघं एवढी शिकलेली, पण पायाखाली बघायला मी."

दोन वर्षांपूर्वी एका भुयारात आमची चार माणसं एका दमात मेली. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सापळा होता.

"झोपलीस का गं?" दादा वहिनीला म्हणाला.

"कुठे होता?"

"हा काय, घोंगडीएवढा."

वहिनी हसली. "चोराचं वय झालं. दुसरा नेमा."

आम्हीही हसलो. आधी साठवलेला खेळ उघडला, चारही माणसं उठून उभी राहिली. पुढच्या शनिवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. तिन्ही वेळा खालचा डावा कोपरा. प्रयोगशाळेत तीन नमुने एकाच बाजूला चुकले तर मी त्याच दिवशी उपकरण तपासायला घेते. इथे मी फक्त नोंद घेतली, तीही मनात. वहिनीला खेळाचा कंटाळा आला असेल असं ठरवून टाकलं. आणि पुन्हा साठवलेला खेळ उघडला.

नऊ महिन्यांनी चहाचा ट्रे घेऊन येताना ती डावीकडच्या चौकटीवर आदळली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर दर महिन्याला डोळे तपासायला हवेत, कदाचित शस्त्रक्रियाही. तसं रुग्णालय भाचीच्या शहरात, इथून गाडीने अकरा तासांवर. भाचीने दोघांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली.

दादा म्हणाला, "बघू. पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना आला आणि गेला. मग भाचीचा फोन आला. "आत्या, बाबा काय म्हणतात माहितीये? आम्ही गेलो तर आत्याचं इथे दुसरं कोण आहे, शनिवारी ती कुठे जाईल? तूच सांग ना त्यांना."

"सांगते," मी म्हणाले.

याला चौदा महिने झाले. खेळातलं हे प्रकरण संपू दे, मग सांगू. तो किल्ला सर होऊ दे, मग. दोनदा आम्ही शेवटच्या दारापर्यंत पोचलो. दोन्ही वेळा ते उघडण्याआधीच दादाने विचारलं, "पहिल्यापासून?" आणि मी हो म्हणाले. या काळात वहिनीची तपासणी तीनदाच झाली.

आज आम्ही खाणीत उतरलो होतो. वहिनी मागे बसली होती, हातात बटणं नव्हती. ती पूर्ण मान वळवून पडदा बघत होती, आधी डावी कड, मग मधला भाग, मग उजवी कड. पुस्तकाची ओळ वाचावी तशी.

"सापळा," ती म्हणाली. "गाड्याच्या पुढे."

तिथे सपाट जमीन होती. दादाने तत्काळ खेळ थांबवला, चोराला पुढे पाठवून दोन मिनिटं रिकाम्या जागी वाकवून ठेवलं. "बरं झालं सांगितलंस. गेलो असतो सगळे."

"खोटं बोलू नका. काही नव्हतं ना?"

"होता गं. बारीक होता."

"वन्सं, तुम्ही सांगा. यांना लोणकढी थाप मारता येते, तुम्हाला नाही."

"नव्हता, वहिनी."

ती मान हलवत राहिली. दादा माझ्याकडे न बघता, लहानपणी ठेवलेल्या नावाने म्हणाला, "मोजपट्टी, एवढं खरं बोलायची काही गरज होती का?"

"रिपोर्ट दाखव," मी म्हणाले.

"कशाला आता? पुढच्या महिन्यात जाणारच आहोत."

मी उठून कपाटातली फाइल काढली. दिसत नाही तेवढा भाग काळा दाखवणारे नजरेचे तीन नकाशे एकाखाली एक टेबलावर मांडले. पहिल्यात एका कोपऱ्यात काळं होतं. तिसऱ्यात जवळजवळ अर्धं वर्तुळ. हे वाचायला डॉक्टर लागत नाही. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक माझ्या चौदा महिन्यांचा होता.

"तुला बघवत नसेल तर राहू दे," दादा हळूच म्हणाला. "आम्ही गेलो तर तुझं तरी कोण आहे इथे?"

वहिनीने माझा आवाज कुठून येईल तिकडे तोंड केलं होतं.

"दादा, तू माझ्यासाठी थांबलायस हे मला चौदा महिन्यांपासून माहीत आहे," मी म्हणाले. "मला ते हवं होतं, म्हणून मी गप्प बसले. आता तुम्ही दोघं जा. याच आठवड्यात. मी इथे एकटी राहीन."