न गाळलेली बाटली

माझं डोकं सटकलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. धाकट्या बहिणीचं तर नाहीच नाही. आमच्या प्रयोगशाळेत ती पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचे कण बनवायची, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, पण लेसर टाकला की हिरवेगार चमकणारे. मी लेसरच्या खोलीची प्रमुख. ते किती वेळ चमकतात ते मी मोजायचे. माझा नियम एकच: गाळल्याशिवाय नमुना आत आणायचा नाही.

एकदा तिने कणांच्या द्रावणाची बाटली आठ दिवस न हलवता ठेवली. तळाशी साका बसला. तिच्या टेबलावरच्या साध्या यंत्राने काढलेल्या त्याच्या प्रकाशाच्या आलेखात नेहमीच्या उंचवट्याशेजारी, लाल बाजूला, दुसरा उंचवटा आला. कण ओळीने रचले गेलेत आणि मिळून प्रकाश सोडतायत, असं ती सांगायला लागली. मी म्हटलं, डोंबलाचं मिळून, गुठळ्या झाल्यात. बाटली हिसकावली, गाळली, मोजली. दुसरा उंचवटा गायब. झालं समाधान? असं तिला चारचौघांत विचारलं आणि अहवालात ‘नमुना अशुद्ध’ लिहून सही ठोकली. त्यामुळे तिच्या नेमणुकीला मुदतवाढ मिळाली नाही. आता ती रंगाच्या कारखान्यात छटा जुळवते.

गेल्या महिन्यात तिचा खण आवरताना वही सापडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘ताईचा मूड बघून विचारणे, एकदाच न गाळता लेसरखाली मोजू या का?’

मी वही घेऊन तिच्या जुन्या टेबलाशी बसले.

वहीबरहुकूम मीच कण बनवले. आठ दिवस बाटलीकडे फिरकले नाही. मग साका काचेवर घेऊन उणे दोनशे सदुसष्ट अंशांपर्यंत थंड केला. एरवी कण आपापल्या सवडीने प्रकाश सोडतात. इथे विस्कळीत टाळ्या एका ठेक्यात याव्यात तसा सगळ्यांनी एकदम सोडला. लेसरचा जोर वाढवला तशी चमक आणखी आखूड, आणखी प्रखर झाली. गुठळ्या असं करत नाहीत. तिचा पुरावा मीच गाळणीत अडकवून कचऱ्यात टाकला होता.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत तिला कारखान्यात फोन केला. सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणाले.

“गाळलं नाहीस ना?” तिने विचारलं.

“नाही गं.”

“मग दिसणारच.” तिने पुढे विचारलं, “केवढी होती गं चमक, ताई?”

आकडा मी तिच्याच वहीत लिहिला होता. तो सांगायला मी वही उघडली. तेवढ्यात तिकडे सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तिने फोन ठेवला.