तळ्याच्या कडेला उभा डंपर

तिनं हातातला टॉवेल कपड्यांच्या ढिगावर आदळला. न्हाणीघरातल्या पिंपात पुन्हा मासे होते, आणि आज भर म्हणून दोन कासवंही.

"आई, मी अंघोळ कुठे करू?" लेकीनं विचारलं.

"बापाला विचार."

बाप डंपर चालवायचा. बंदराला कंटेनर ठेवायला जागा कमी पडत होती, म्हणून क्रेनांमागचं लहानसं तळं बुजवायचं काम निघालं होतं. दिवसभर त्यात माती ओतणारा हाच माणूस संध्याकाळी त्यातलंच काहीबाही घरी घेऊन यायचा. तिनं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरला. तो नुसती मान डोलवायचा. ते मान डोलवणंच तिच्या डोक्यात जायचं.

आज ती चप्पल पायात सरकवून तरातरा निघाली.

तळं आता अंगणाएवढं उरलं होतं. काठावर त्याचा डंपर मातीनं भरून उभा, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग. तो स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला होता.

"ओततोस का?" मुकादम खिडकीखाली उभा राहून ओरडत होता. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

नवऱ्याला काय काय सुनावायचं ते तिनं वाटेत घोळवून ठेवलं होतं. ती केबिनपाशी पोचली तसा त्यानं नजरेनंच पुढे दाखवलं. लव्हाळ्यात एक पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती. एवढा गोंगाट चालला होता, तरी जागची हलत नव्हती.

"हिला कशात घालून नेऊ?" तो हळूच म्हणाला.

तिनं कपाळाला हात लावला. मग ती मुकादमाकडे वळली.

"दादा, गाडीचा हौदा उचलायचा जॅक अडकलाय. सकाळी घरी तेच रडगाणं चाललं होतं. जबरदस्तीनं उचलायला गेलात तर गाडी पाण्यात जाईल, मग काढत बसा."

"मग हे बोलायला याला काय झालं होतं?"

"यांनी वेळेवर तोंड उघडलं असतं, तर माझा संसार असा झाला असता का?"

मुकादमाला हसू आलं. मेकॅनिक काही लगेच मिळायचा नाही, असं पुटपुटत त्यानं मागच्या गाड्या पलीकडच्या काठाला वळवल्या.

ती केबिनमध्ये चढून नवऱ्याशेजारी बसली. तो काहीतरी बोलायला गेला.

"एक शब्द बोलू नका," ती म्हणाली.

मागची शेवटची गाडी पलीकडे वळली, तेव्हा लव्हाळ्यावरची नजर न काढता तिनंच विचारलं,

"पिल्लं कधी बाहेर पडतात हिची?"