लख्ख घासलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पण जुनी म्हणून कुणी माझी कीव करू नये. टेक्सासातल्या हमरस्त्यालगत, ओरसाक कुटुंबाच्या खाणावळीमागे, पत्र्याच्या छपराखाली मी सत्तर वर्षं पाय रोवून उभी आहे. समुद्राकडे निघालेल्या प्रवाशाला मी दिसण्याआधी माझा वास येतो, आणि गाडी वळतेच. यात माझा काही मोठेपणा नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही.

तेलाच्या विहिरीवरचा टाकून दिलेला जाड पोलादी पाइप अल्फोन्स ओरसाक यांनी कापला, त्याला झाकण, जाळी आणि धुराडं जोडलं. जोडकाम जरा वाकडंच झालं. माझ्या एका टोकाला ओकची लाकडं जळतात, दुसऱ्या टोकाने धूर बाहेर पडतो आणि मधल्या जाळीवर जनावराच्या छातीचं मांस बारा-चौदा तास निवांत शिजतं. घाई मला खपत नाही. इथे ताटली नाही, काटा-चमचा नाही. तपकिरी कागदावर मांस, पाव, कांदा, मुरवलेली काकडी आणि ज्याची त्याची बोटं!

अल्फोन्स गेल्यावर त्यांच्या मुलीने, व्लास्ताने, चाळीस वर्षं माझा विस्तव सांभाळला. आता तिची मनगटं कामातून गेली आहेत. फावडं उचलताना ती ओठ आवळते, ते मला बघवत नाही. तिची मुलगी लिडा गिऱ्हाइकांना छान सांभाळते, पण धुराने तिला दमा होतो. राहता राहिला लिडाचा नवरा क्लिफ्टन. व्लास्ताने एकदा स्पष्टच सांगून टाकलं होतं, "विस्तवाला माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर नाताळात कुलूप लावणार."

क्लिफ्टन गुणी माणूस. ह्यूस्टनला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याने बारा वर्षं काढली होती; त्याच्या हाताखालून गेलेल्या भांड्यात तोंड बघावं. एका रविवारी मायलेकी चर्चमधून परस्पर पाहुण्यांकडे गेल्या आणि याला सासूला खूश करायची लहर आली. तारेचा ब्रश, साबण आणि उकळतं पाणी घेऊन तो माझ्या पोटात शिरला. सत्तर वर्षांची चरबी आणि धूर मुरून झालेलं माझं काळं, गुळगुळीत अस्तर संध्याकाळपर्यंत गटारात गेलं. मला भयंकर राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. आणि हा पठ्ठ्या शीळ घालत होता!

व्लास्ताने परत येऊन झाकण उचललं. "हे कुणी केलं?"

"मी, आई! दिसते की नाही नवी कोरी?"

व्लास्ता लाकडांच्या ढिगावर मटकन बसली. "अहो जावईबापू, चव होती ती! गटारात ओतलीत तुम्ही. आता मलाही साबण लावून ठेवा."

"मला वाटलं, घाण आहे."

"घाण नव्हती रे," ती हळू आवाजात म्हणाली. "माझे बाबा होते त्यात."

क्लिफ्टनचा चेहरा उतरला. लिडा एकदा आईकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. आता हा ह्यूस्टनची वाट धरणार आणि माझ्यावर गंज चढणार, असं मी धरूनच चालले.

पण सोमवारी सकाळी तो चरबीचा डबा आणि जुन्या चिंध्या घेऊन हजर! त्याने मला आतून चोपडलं, विस्तव पेटवला, निवू दिलं, पुन्हा चोपडलं. पहिल्या दिवशी त्याने ओली लाकडं घातली.

"पांढरा धूर कडू असतो," शेजारी खुर्ची टाकून बसलेली व्लास्ता ओरडली. "निळसर येऊ दे! आणि झाकणाला हात लावलास तर बघ."

पाच दिवस तिने त्याला एकही गोड शब्द ऐकवला नाही. मात्र खुर्ची सोडून ती उठलीही नाही.

शनिवारी रांग लागली. सगळ्यांत पुढे हॉलिस टीग, ट्रकवरून निवृत्त झालेला फटकळ म्हातारा. दर वर्षी बायकोला, लोरेनला घेऊन बहिणीकडे जाताना तो इथे थांबतोच. क्लिफ्टनने तुकडा कापून त्याच्या कागदावर ठेवला. हॉलिसने तो सावकाश चावला.

"व्लास्ताबाई, खरं सांगू? वाईट नाही. पण हे तुमचं नाही."

"अहो, गप्प खा की!" लोरेनने त्याला कोपर मारलं.

क्लिफ्टनने सुरी खाली ठेवली आणि तो एप्रनची गाठ सोडू लागला. "चूक माझी आहे. भट्टी मी धुतली."

"नाहीच ते माझं," व्लास्ता मध्येच म्हणाली. "याचं आहे. माझं पहिलं मांस बाबांनी कुत्र्याला घातलं होतं, हॉलिस. याचं तू निदान गिळलंस तरी." रांगेत हशा पिकला. तिने सुरी उचलून पुन्हा क्लिफ्टनच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी ये. विस्तवावर हाच असेल."

हॉलिसने कागद पुढे केला. "मग घाल बाबा आणखी दोन तुकडे. सुरुवातीपासून खाल्लं, तरच पुढे नावं ठेवायचा हक्क राहतो."

मित्रांनो, माझं अंग आता पुन्हा काळं होऊ लागलंय आणि मला त्याचा गर्व आहे. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला चकचकीत करायला जाण्याआधी, तिच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि हातून चूक झालीच, तर पळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी घेऊन हजर व्हा. जुनं लोखंड तेवढ्यावर माफ करतं. मी केलं.