डावीकडचं दार

नानांना पंचाहत्तरावं लागलं त्या आठवड्यात सून म्हणाली, "नाना, रविवारी तुम्हाला एके ठिकाणी न्यायचंय. कुठे ते विचारायचं नाही."

नानांनी विचारलं नाही. सून बँकेत कामाला होती, घरात तिचा शब्द खाली पडत नसे आणि सासऱ्यावर तिचा भारी जीव होता. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिने नानांच्या तोंडून थिएटरच्या आगीची गोष्ट ऐकली, आणि तेव्हापासून आल्यागेल्याला ती गोष्ट नानांपेक्षाही रंगवून सांगायची. नाना निवृत्त हवालदार. चौतीस वर्षांपूर्वी लोखंडी पहारीने कुलूप फोडून त्यांनी पेटत्या थिएटरातून माणसं बाहेर काढली होती. त्याचं प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात लावलेलं असायचं. गेल्या महिन्यात रंगकामासाठी म्हणून सुनेने ते उतरवलं, ते परत काही लागलं नव्हतं.

रविवारी रिक्षा जुन्या थिएटरसमोर थांबली, तरी नाना लगेच उतरले नाहीत.

थिएटर बंद पडून वीस वर्षं झाली होती. शेजारची पोलीस चौकीही नव्या इमारतीत गेली. दोन्ही जागा नगरपालिकेकडे आल्यावर मधली भिंत पाडून तिथे एकच संग्रहालय केलेलं, अर्धं सिनेमाचं, अर्धं पोलिसांचं. एका बाजूला खोटे पोलीस आणि दुसऱ्या बाजूला खरे, अशी गावात थट्टा चालायची. संग्रहालयाची व्यवस्था बघायच्या त्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत.

"या, हवालदारसाहेब!" बाई दारातच उभ्या होत्या. "तुमचीच वाट बघत होते."

आत सगळं झाडूनपुसून लख्ख ठेवलं होतं. जाळी लावलेली तिकीटखिडकी, फिल्मचे पत्र्याचे डबे, माणसापेक्षा उंच प्रोजेक्टर, हाताने रंगवलेली पोस्टरं. पुढे चौकीच्या बाजूला जुना वायरलेस सेट, बेड्या, पितळी बक्कलं आणि कोठडी. कोठडीच्या गजांमागे उभं राहून दोन मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. नाना एकेका वस्तूपुढे गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळले. पुढे काय असणार ते त्यांना कळून चुकलं होतं.

दोन्ही भाग जिथे मिळत तिथे काचेचं एक कपाट होतं. त्यात नानांची शिट्टी, टोपी आणि मधोमध प्रशस्तिपत्र.

"कसं वाटलं?" सुनेच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मीच आणून दिलं बाईंना."

नानांचं लक्ष खालच्या कप्प्याकडे गेलं. तिथे तीन सेलची एक पोचे पडलेली बॅटरी होती. बाजूला छापील चिठ्ठी होती: 'डोअरकीपरची बॅटरी. खेळ चालू असताना याने डावीकडच्या दाराला बाहेरून कुलूप घातले. या हलगर्जीपणामुळे आगीच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन एका महिलेचा मृत्यू झाला व सतरा जण जखमी झाले. डोअरकीपरला दीड वर्षाची शिक्षा झाली.'

बॅटरीमामा. गावातली पोरं त्याला याच नावाने हाक मारायची. अंधारात हात धरून म्हाताऱ्यांना खुर्चीपर्यंत नेणारा, हडकुळा, सदा घसा खाकरणारा माणूस.

मुलींचे वडील जवळ आले. "हेच का ते? काका, आमच्या पोरींना सांगा ना काय झालं होतं!" त्यांनी मोबाइल वर धरला. सून बाजूला सरकली. तिला गोष्ट तोंडपाठ होती, तरी पुन्हा ऐकायची होती.

नानांनी घसा साफ केला. "रविवारचा खेळ होता. दुपारचा. मी बंदोबस्ताला..."

इथून पुढची वाक्यं हजारदा सांगून गुळगुळीत झालेली. आज ती येईनात. काचेत त्यांना आपला चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याच्या बरोबर खाली ती चिठ्ठी.

"मला जरा बसू दे," ते म्हणाले.

सुनेने त्यांना कोठडीतल्या दगडी ओट्यावर नेऊन बसवलं. मुली बाहेर गेल्या. "चक्कर येतेय का? पाणी आणू?"

"कुलूप मी घालायला लावलं."

"काय?"

"बिनतिकिटाची पोरं त्या दाराने घुसायची. दार उघडलं की पडद्यावर उजेड यायचा. मी मागे मालकाच्या खुर्चीवर बसून सिनेमा बघत होतो. बंदोबस्त कसला नि काय! मला वैताग आला. मामाला म्हटलं, बाहेरून कुलूप घाल. तो म्हणाला, साहेब, खेळ चालू असताना तसं करत नाहीत. मी त्याच्यावर डाफरलो. त्याने घातलं. मग म्हटलं, किल्ली माझ्याकडे दे, नाहीतर तू कोणालाही उघडून देशील."

सून बघतच राहिली. "म्हणजे किल्ली..."

"माझ्या खिशात. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये फिल्म पेटली, धूर झाला, लोक त्या दारावर कोसळले. मी पुढच्या दाराने पळत बाहेर आलो, वळसा घालून गेलो आणि पहार घेऊन कुलुपावर घाव घालत सुटलो. सात-आठ मिनिटं लागली असतील. आतून दारावर हात आपटत होते. किल्ली खिशात आहे हे मला सुचलंच नाही, अगं. शपथेवर सांगतो, नाही सुचलं. नंतर इन्स्पेक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. घाम पुसायला रुमाल काढायला गेलो, तर हाताला किल्ली लागली. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, कुलूप कोणी घातलं होतं? मी म्हटलं, मला माहीत नाही, साहेब, मी आलो तेव्हा होतंच."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "घरी चला, नाना. घरी जाऊन बोलू."

हेच त्यांना नको होतं आणि हेच हवंही होतं. घरी गेलं की विषय मिटला असता. सुनेने कुणाला सांगितलं नसतं, मुलालाही नाही. फक्त ती आगीची गोष्ट तिने पुन्हा कुणाला सांगितली नसती, आणि न सांगण्याचं कारण दोघांनाच ठाऊक राहिलं असतं. नाना भिंतीला धरून उठले आणि बाईंच्या टेबलाशी गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत. शेवटी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. नुसत्या तोंडी बोलण्यावर मला चिठ्ठी बदलता येणार नाही."

आयुष्यभर नानांनी दुसऱ्यांचे जबाब लिहिले होते. अक्षर वळणदार, भाषा पक्की. त्यांनी झरझर लिहायला घेतलं: 'विचारल्यावरून लिहून देतो की, सदर दिवशी डावीकडील दारास कुलूप लावण्यात आले व किल्ली ताब्यात घेण्यात आली.'

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी त्यांनी ओळीवर पेन्सिल ठेवली. "कोणी लावण्यात आले, हवालदारसाहेब?"

नानांच्या कानशिलांना धग लागली. त्यांनी ती ओळ खोडली. 'मी' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. पुढचा अर्धा कागद लिहायला त्यांना तासभर लागला. सही करून त्यांनी विचारलं, "मामा..."

"चार वर्षं झाली जाऊन. मुलगी आहे. मागच्या गल्लीत शिवणकाम करते. इतकी जवळ राहते, पण इथे कधी पाऊल ठेवलं नाही तिने."

सून दाराशी थांबली होती. नाना रिक्षाकडे न वळता गल्लीकडे निघाले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. पण मागोमाग आली.

दुकान म्हणजे एक खोली होती. मशीन, इस्त्रीचं टेबल, दोरीवर चिठ्ठ्या टाचलेले कपडे. मशीनवरची बाई पन्नाशीची, तोंडात टाचण्या धरलेली. नानांना तिने ओळखलं नाही. त्यांनी नाव सांगितलं आणि तिने टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.

"बसा ना, साहेब. अप्पांमुळे तुम्हाला त्या दिवशी केवढा त्रास झाला," ती म्हणाली.

नाना बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगून टाकलं. या खेपेला 'मी' चटकन आलं. तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "किल्लीचं काय केलंत?"

"गटारात टाकली."

"कुठल्या?"

"कोर्टासमोरच्या. शिक्षा झाली त्या दिवशी."

"म्हणजे तोवर होती तुमच्याकडे."

"होती."

ती मशीनच्या चाकावरून बोट फिरवत बसली. "अप्पा सांगायचे. हवालदारसाहेबांनी लावायला सांगितलं, किल्लीही त्यांनीच घेतली. सुटून आले तेव्हा सांगायचे, दवाखान्यात पडून होते तेव्हाही सांगायचे. आई म्हणायची, असेल बाई खरं. मी म्हणायचे, ज्यांनी जिवावर उदार होऊन माणसं काढली त्यांच्यावर ढकलताना जीभ कशी झडत नाही तुमची? एकदा चुकलात, आता कबूल तरी करा."

नाना दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहिले.

"माझ्या लग्नाला येऊ नका म्हटलं मी त्यांना. सासरची माणसं काय म्हणतील म्हणून. नाही आले ते. तुम्ही आज आलात, बरं केलंत असं म्हणायला हवं मी. पण तुम्हाला सांगते, सकाळपर्यंत माझा बाप खोटारडा होता आणि मी बरोबर होते. आता मी कुठे जाऊ?"

माफी मागायचं नाना ठरवून आले होते. ती मागणं म्हणजे या बाईकडून आणखी काहीतरी घेणं आहे, एवढं त्यांना कळलं. त्यांनी ती मागितली नाही.

"जा तुम्ही. मला दोन शर्ट द्यायचेत संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. तिने मशीन चालू केलं. सुई कापडावरून टकटक पळत गेली. तिच्यात दोरा ओवलेला नव्हता.

रिक्षात सून कडेला सरकून बसली होती. वळणावर नानांचा तोल गेला तेव्हा तिने हात पुढे केला, पण नेहमीसारखा धरून ठेवला नाही.

पंधरा दिवसांत चिठ्ठी बदलली. नाना प्रशस्तिपत्र काढून टाका म्हणून बाईंच्या मागे लागले होते, पण बाई ऐकेनात. "ते मिळालं होतं हेही खरंच आहे," त्या म्हणाल्या आणि जबाबाचा कागद त्याच्या खालीच लावला. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मुलाने बापाशी महिनाभर जेवणाच्या ताटावरही बोलणं टाकलं. नाना आपणहून पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि इतकी जुनी फाइल आता कुठे सापडायची, काका, तुम्ही घरी आराम करा, असं सांगून त्यांना दारापर्यंत सोडलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नानांना वाटलं.

पुढच्या महिन्यात निवृत्त पोलिसांची बैठक होती. नाना जाणार नव्हते, पण न जाणं म्हणजे पुन्हा लपणंच, म्हणून गेले. दोघातिघांनी मान वळवली. मात्र त्यांच्याबरोबर भरती झालेला जाड्या मुद्दाम शेजारी येऊन बसला, बशीत चहा ओतून त्यांच्यापुढे केला आणि कानाशी लागला.

"कशाला उकरून काढलंस रे? तुला काय वाटतं, तू एकटाच? नोकरीत थोडंफार प्रत्येकाने केलंय. माणूस घाबरतो. झालं गेलं. आणि पहार मारून काढलीस ना माणसं? ते खोटं होतं का?"

नानांच्या अंगावर कुणीतरी गरम शाल घातल्यासारखं झालं. इतके दिवस कुणी असं बोललं नव्हतं. 'तेच तर' हे शब्द ओठांवर आले होते. आपण किती सहज मान डोलवायला निघालो होतो हे ध्यानात आलं आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईपुढेही वाटली नव्हती एवढी लाज त्यांना वाटली.

"नको, जाड्या," ते म्हणाले. चहाची बशी त्यांनी न पिता परत केली, चपला घातल्या आणि भर दुपारच्या उन्हात घराकडे चालू लागले.