चंद्रसूर्याचा टाक

लातूरच्या बसवंतअप्पांचं दुकान भांड्यांचं, पण त्यांचा जीव मोडीत. लोक जुनं पितळ वजनावर घालून नवं स्टील न्यायचे आणि त्या ढिगात अप्पा कोंबडीसारखे उकरत बसायचे. हाती लागायचे ते बिल्ले. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर गाडीवानाला मिळायचा तो, तेलाच्या मिलमधल्या हमालाचा, कधीच बंद पडलेल्या हॉटेलातल्या एका कप चहाचा. गिऱ्हाईक पातेल्याचा भाव विचारायचं आणि अप्पा त्याला निलंग्यात एके काळी कोणाची मिल जोरात होती ते ऐकवायचे. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं.

"देवानं गल्ल्यावर बसवलं तर हे भंगारात जाऊन बसले," असं त्यांची बायको दानम्मा येईल-जाईल त्याला सांगायची. बाई खोटं बोलत नव्हती.

सगळ्या जगाचे बिल्ले सापडले, आजोबांचा तेवढा सापडेना. या मन्मथअप्पांची उमरीला जिनिंग होती, हे घरात सगळे सांगत आलेले. पण पुराव्याला काही म्हणजे काही नाही. दानम्माचा भाऊ राजशेखर उदगीरचा आडत्या. त्याच्या आजोबांच्या नावाची दगडी पाटी मोंढ्याच्या बाजारात अजून आहे, म्हणून याला जोर. दर लग्नात भर पंगतीत तो विचारायचा, "दाजी, जिनिंगचा भोंगा आज वाजला का न्हाई?" पंगत हसायची. अप्पाही हसायचे, पण वाढपी पुन्हा आला की पानावर आडवा हात धरायचे. नुसता एक बिल्ला मिळू दे, याच्या पानात नेऊन आपटतो, असं ते मनात म्हणायचे.

एकदा उमरीकडचे हणमंतराव नावाचे शेतकरी, लेकीला भेटायला लातूरला आलेले, दुकानात शिरले. भिंतीवरचे फ्रेममधले बिल्ले बघून म्हणाले, "असला एक आमच्या देवघरात हाय की! पण आई त्याला टाक म्हणती. चंद्रसूर्याचा टाक."

टाक म्हणजे कुलदैवताची नाहीतर घरातल्या वाडवडिलांची पत्र्यावर उठवलेली प्रतिमा. खंडोबाचा असतो, भवानीचा असतो. चंद्रसूर्याचा टाक अप्पांनी जन्मात ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ते हणमंतरावांच्या गावाला निघाले. राजशेखरनं आपणहून गाडी काढली. दाजींची फजिती घरबसल्या थोडीच बघायला मिळते!

हणमंतरावांची आई कस्तुराबाई दारातच आडवी आली. "देवाला हात लावायचाय? आंघोळ करा आधी."

"घरून करून आलो की, मावशी."

"इतक्या लांब गाडीत बसून आंघोळ ऱ्हाती व्हय?"

मग काय, भर दुपारी हातपंपावर अप्पांची आंघोळ झाली. हणमंतरावांचं धोतर त्यांच्या पोटाला पुरेना. ते मागून आवळलं तर पुढून सुटायचं. राजशेखर मन लावून फोटो काढत होता.

देव्हाऱ्यात टाक होता. त्यावर हळदीकुंकवाचा असा थर बसलेला की एक मोठा गोल आणि शेजारी एक लहान गोल, यापलीकडे काही कळेना. नवरात्राआधी टाक उजळायचे असतातच. अप्पा म्हणाले, "मी उजळून देतो, माझा धंदाच हाय." म्हातारीनं चिंच आणि रांगोळी पुढ्यात ठेवली. गळ्यातल्या लिंगाला हात लावून अप्पा घासायला बसले.

आधी 'म' दिसला. मग 'न्मथ'. अप्पांनी आणखी जोर लावला आणि राजशेखर खांद्यावरून वाकून मोठ्यानं वाचायला लागला, "मन्मथअप्पा... खानावळ. जिनिंगसमोर, उमरी. एक ताट." तो खाली बसूनच हसला. "दाजी! जिनिंगसमोर!"

सूर्य म्हणजे ताट होतं आणि चंद्र म्हणजे आमटीची वाटी.

धरणीनं पोटात घ्यावं असं अप्पांना वाटलं. आजोबांची जिनिंग गेली ती गेलीच, वर या म्हातारीचा देवही आपण घासून घालवला. फुकटचं पाप. त्यांनी चाचरत तिला सगळं सांगितलं. हा देव नव्हे मावशी, माझ्या आजोबांच्या खानावळीतला जेवणाचा बिल्ला हाय.

कस्तुराबाईनं टाक उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "आमचे मामंजी कापसाची गाडी घेऊन उमरीला जायचे. फाटकावर गाड्यांची ही रांग! दोन-दोन दिवस नंबर लागायचा न्हाई म्हनं. तवा यानंच जेवू घातलं असंल की त्यांना." तिनं बिल्ला पदरानं पुसला, ठसठशीत कुंकू लावलं आणि पुन्हा खंडोबाच्या शेजारी बसवला. "आता कळलं कोण हाय ते. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

बिल्ला मागायचं अप्पांच्या मनातही आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते धोतरात असल्यामुळे रुमालही जवळ नव्हता.

पानं मांडली गेली. राजशेखरला हसून हसून कडकडून भूक लागलेली. त्यानं पाट ओढला, भाकरी मोडली आणि घास तोंडाशी नेला. तेवढ्यात नैवेद्याचं ताट घेऊन देव्हाऱ्याकडे निघालेली कस्तुराबाई जागच्या जागी थांबली.

"ओ पाव्हणं," ती कडाडली, "खाली ठेवा तो घास! आधी ह्यांच्या आज्याला निवद, मग तुमाला."