उतारावर इंजिन बंद

पेट्रोल पंपावरची माणसं तिच्या सासऱ्यांना थेंबराव म्हणायची. सासऱ्यांना त्याचा राग यायचा नाही, उलट कुणीतरी पदवी दिल्यासारखे ते खूश व्हायचे. त्यांचा सगळा जन्म दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधं मोजून देण्यात गेला होता. टाकी भरली की नळी बाहेर काढायच्या आधी ती तीनदा झटकून घ्यायचे. त्यांची गाडी पंचेचाळीस वर्षांची, अंगाने भारदस्त आणि पिण्यात उधळी. दुसऱ्या कुणी चालवली तर लिटरला बारा किलोमीटर जायची, त्यांच्या हातात अठरा.

जुन्या गाड्यांच्या मंडळाची वर्षातून एकदा शर्यत असायची. शर्यत पळण्याची नव्हे, कमी पिण्याची. सकाळी सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ भरून सील करायच्या, डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचा आणि शंभर किलोमीटर झाले की टाकी परत काठोकाठ भरायची. ज्याच्या टाकीत कमी मावेल तो जिंकला. गेली दोन वर्षं जिंकत होते ते तिचे वडील अप्पा, म्हणजे सासऱ्यांचे व्याही. एरवी हे दोघे दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत पाच मिनिटं उभे राहायचे. पण लिटरचा विषय निघाला की दोघांची तोंडं चिंच खाल्ल्यासारखी व्हायची.

लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येक गाडीत प्रतिस्पर्ध्याच्या घरचं एक माणूस देखरेखीला बसवायचं असा मंडळाचा नियम होता. ती एकाची मुलगी आणि दुसऱ्याची सून. दोघांचाही तिच्यावर सारखाच भरवसा होता, म्हणजे सारखाच संशय होता.

“पाण्याची बाटली घरी ठेव,” सासरे निघताना म्हणाले. “लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. इथंच पिऊन घे.”

“पोटात नेलं तरी किलोभरच की, बाबा.”

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. “मग अर्धंच पी,” ते म्हणाले.

तिला हसू आलं खरं, पण ते टिकलं नाही. कारण गाडीत बसताना तिने पुन्हा ते पाहिलं. सासऱ्यांनी डावा पाय आत घेतला आणि उजवा पाय गुडघ्याखाली हात घालून उचलून आत ठेवला. सहजपणे, जणू सगळे लोक असंच करतात.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वडिलांच्या कमरेतली नस दबली आहे, उजव्या पायातली ताकद चालली आहे आणि ती परत येणार नाही. गाडी चालवणं थांबवा. नवऱ्याचं ब्रेक दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, दिवसातून दहा गिऱ्हाइकांना तो तोंडावर सुनावायचा की तुमची गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची नाही. पण घरी वडिलांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटली. ‘शर्यत होऊन जाऊ दे, मग सांगतो,’ म्हणाला. आणि सांगायच्या ऐवजी त्याने त्याला जमणारी गोष्ट केली. वडील आठवडाभर त्याच्या बहिणीकडे गेलेले असताना त्याने त्यांच्या गाडीला ब्रेकचा बूस्टर बसवला. पाय जरा टेकवला तरी ब्रेक लागावा म्हणून. परत आल्यावर वडिलांना सांगितलं, नुसते लायनर बदललेत.

हे सगळं तिला माहीत होतं. वर्कशॉपचं काउंटर तीच सांभाळायची, बूस्टरचा खोका तिनेच फोडला होता. ‘हे बरोबर नाही, त्यांना सांग,’ असं ती दोनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा गप्प बसली. त्यात आपल्यालाही गप्प बसणं सोयीचं होतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

चढावर सासऱ्यांनी गाडी सुरेख चढवली. कुठे ॲक्सिलरेटर वाढवला नाही, कुठे गिअर उगाच बदलला नाही. इंजिन तापून त्याचा वास आत यायला लागला तरी एकाच लयीत ती अवजड गाडी त्यांनी माथ्यावर आणली. माणूस आपल्या कामात रमला की देखणा दिसतो, तसे ते दिसत होते. अप्पांची गाडी अर्धा तास आधीच पुढे गेली होती.

माथ्यावर त्यांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. “आता तू माहेरची की सासरची, ते ठरव.”

“का?”

“मी एक गोष्ट करणार आहे. नियमात ती करू नका असं कुठं लिहिलेलं नाही. पण तुझ्या अप्पांना कळता कामा नये.” असं म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. “बारा किलोमीटर उतार. एक थेंब जळणार नाही. चाळीस वर्षं असाच उतरतोय मी.”

टायरांचा आवाज तेवढा राहिला. गाडी हळूहळू वेग घ्यायला लागली.

तिने ब्रेकच्या पेडलकडे पाहिलं. बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो, हे काउंटरवर बसून तिने शंभर गिऱ्हाइकांना समजावलं होतं. इंजिन चालू आहे तोवर तो पायाला जोर देतो. इंजिन बंद झालं की त्याच्यात दोन-तीन दाबांपुरता जोर उरतो आणि मग पेडल दगडासारखं होतं. धडधाकट माणसालासुद्धा मग दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखं दाबावं लागतं. जुन्या ब्रेकला त्यांचा पाय सरावला होता, तेव्हा पायही शाबूत होता आणि इंजिन बंद असो की चालू, पेडल सारखंच लागायचं. आता दोन्ही गोष्टी बदलल्या होत्या. एकीचा त्यांना पत्ता नव्हता आणि दुसरीकडे ते बघत नव्हते. त्यांची ही युक्ती मुलालासुद्धा ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्याने बूस्टरला हात लावला नसता.

पहिलं वळण आलं. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी आज्ञाधारकपणे मंदावली. एक.

“बाबा, इंजिन चालू करा.”

“का? तक्रार करणार आहेस?”

“नाही. चालू करा ना.”

“बघ, शेवटी माहेरचीच निघालीस,” ते हसले.

सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. बूस्टर का बसवला, हा पुढचा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर त्यांच्या उजव्या पायाशी जाऊन पोचणार. तिने एक वळणभर विचार केला. त्या एका वळणाबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. दुसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दोन, तीन.

“बाबा, ऐका. गाडीला बूस्टर बसवलाय. इंजिन बंद असलं की ब्रेक लागत नाही.”

“काय बसवलंय?”

“बूस्टर. ब्रेक दाबू नका उगाच, आधी इंजिन चालू करा.”

“माझ्या गाडीला? मला न विचारता?” त्यांचं लक्ष रस्त्यावरून तिच्याकडे गेलं आणि परत रस्त्यावर आलं तेव्हा पुढे सरळ उतार होता, त्याच्या टोकाला वळण आणि वळणाला गुडघाभर उंचीचा कठडा. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय थांबला, पण गाडी थांबली नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. मानेच्या शिरा फुगल्या, पाठ सीटवर रेटली गेली. काटा साठच्या पुढे सरकत होता.

त्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर कुरकुरला, इंजिन पेटलं नाही. चढावर इतकं तापलं होतं की पेट्रोल नळीतच उकळत असणार. पुन्हा फिरवली. पुन्हा नुसतीच कुरकुर.

“गिअर टाका,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ते ऐकत नव्हते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते उजव्या पायाकडे बघत होते. वळण अंगावर येत होतं आणि हा माणूस पायाकडे बघत होता.

“बाबा, क्लच. डावा पाय. दाबा.”

डावा पाय खाली गेला. तिने गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरून तिसऱ्यात ढकलला. “सोडा.” गाडीने असा हिसका दिला की तिचं कपाळ समोर आपटलं. इंजिन पेटलं नाही, पण चाकांना धरून बसलं. वेग उतरायला लागला. “परत दाबा.” दुसरा गिअर. “सोडा.” घरघर करत गाडी ओढली गेली. तिने हँडब्रेक वर खेचला, एकेक दात करत, मागची चाकं घसरू नयेत म्हणून. सासऱ्यांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. पुढचा बंपर मातीच्या दरडीला घासत गेला, दगड खडखडले आणि गाडी थांबली. कठडा दहा-बारा पावलांवर होता.

तिचे हात हँडब्रेकवरून निघेनात.

“ब्रेक गेले,” सासरे म्हणाले.

“ब्रेक नाही गेले, बाबा.”

मग तिने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, केव्हा म्हणाले, बूस्टर कुणी बसवला, खोका कुणी फोडला. आपलं नाव तिने कुठेही गाळलं नाही. ते समोर बघत ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी उजवी मांडी दाबून पाहिली, दवाखान्यात दुसऱ्याची पाहावी तशी.

“तुझ्या अप्पांना माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. दार उघडून ते उतरले आणि बॉनेटवर हात टेकत टेकत गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. पाय ओढला जात होता. इतके दिवस ती असं काही दिसलं की नजर दुसरीकडे वळवायची. आज तिने शेवटपर्यंत पाहिलं.

“सरक,” ते म्हणाले. “तू चालव.”

ती स्टिअरिंगपाशी सरकली. दहा मिनिटांनी इंजिन पेटलं. तिने दुसरा गिअर टाकला आणि गाडी त्याच गिअरमध्ये उतरवायला लागली. इंजिन रडत होतं, पेट्रोल पाण्यासारखं जात होतं. आपण आता बोलणी खाणार, अशी तिची खात्री होती. दोन वळणं गेली, तिसरं गेलं.

“तिसरा टाकू का?” तिनेच विचारलं.

“नको. दुसऱ्यातच असू दे.”

उतार संपत आला तेव्हा लांबवर सपाटीवरचा पंप दिसला, मंडळाचे लोक दिसले, अप्पांची गाडी दिसली. सासऱ्यांनी तिच्या कपाळावर उठलेल्या टेंगळाकडे पाहिलं.

“मला सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर मी तुला गाडीत बसवलं नसतं.”