जगाचं सुतक

माझ्या लेकीचा, सुनीतीचा साखरपुडा पहिल्यांदा पुढे गेला तो भूकंपामुळे. भूकंप पेणला झाला नव्हता, रोह्यालाही नव्हता. तो दक्षिण अमेरिकेत कुठेतरी झाला होता. मी जन्मभर पेणच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तरी तो देश नकाशात सापडायला मला बराच वेळ लागला. यावरून माझी योग्यता कळावी.

झालं असं, की मुलाच्या घरी साखरपुडा करायची त्यांच्याकडे रीत, म्हणून आम्ही पेढे घेऊन रोह्याला गेलो. पाहतो तर होणारे व्याही मोरोपंत टीव्हीसमोर पंच्याने डोळे पुसत बसलेले. गावात केबल नुकतीच आली होती आणि जगातली दुःखं रोह्यात चोवीस तास मिळू लागली होती.

"विष्णुपंत," ते मला म्हणाले, "तिकडे माणसं ढिगाऱ्याखाली, आणि इकडे आपण पेढे खायचे? दहा दिवस या घरात गोडधोड नाही."

मी मान हलवली. ते मला चांगलं जमतं. पुडा जसाच्या तसा पेणला आला. माझी धाकटी बहीण श्यामला आठवडाभर ते पेढे रागाने खात होती.

रात्री मीही तीच दृश्यं पाहिली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण थोड्या वेळाने दूध तापवायचं राहिलंय हे आठवलं आणि मी उठलो. दूध तापवताना मनात आलं, मोरोपंतांचं काळीज लोण्याचं आणि आपलं बहुतेक पाट्यावरवंट्याचं. एवढी पुस्तकं वाचून हे फळ!

दुसऱ्यांदा साखरपुडा बुडाला तो बोटीबरोबर. बोट पूर्वेकडच्या कुठल्याशा समुद्रात गेली. या वेळी फोनवरच कळलं. मोरोपंतांचा आवाज इतका दाटून आला होता, की मीच त्यांचं सांत्वन केलं.

"दादा, मला याचं गणित कळलं," श्यामला म्हणाली. "लांबचं मेलं की सुतक मोठं. समुद्रापलीकडचं असेल तर पुरे दहा दिवस. आणि जवळचं असेल तर पोहे."

पोह्यांचं खरं होतं. मुलगी बघण्याच्या वेळी मोरोपंत आमच्याकडे आले, त्याच सकाळी वडखळ नाक्याजवळ टेम्पो उलटून शेजारच्या जिते गावची दोन माणसं गेली होती. मी ते भीत भीत सांगितलं. "हायवेला हे असं व्हायचंच," मोरोपंत म्हणाले, आणि पोह्यांवर आणखी खोबरं मागितलं.

सुनीती शाळेत विज्ञान शिकवते. तिने शांतपणे सांगून टाकलं, "बाबा, तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली तर हे स्थळ मला नको. मला श्रीरंगशी लग्न करायचंय, सगळ्या जगाशी नाही."

श्रीरंग तिला आवडला होता, हे मला दिसत होतं. तो रोह्याजवळच धाटावला एका कंपनीत केमिस्ट होता. शिफ्टला जायचा, यायचा, आणि वडिलांसमोर तोंड उघडायचा नाही. नेमकं तेच तिला खुपत होतं. मलाही काळजी होती. न बोलणाऱ्या माणसाच्या आत काहीतरी खोल असतंच असं नाही, हे मी घरच्या आरशात रोज पाहतो.

तिसरी तारीख गुरुवारची ठरली, आणि जागतिक शांततेची सर्वांत जास्त काळजी असलेलं घर म्हणजे पेणमधलं आमचं घर झालं. श्यामला पेपर उघडायची तीच देवाचं नाव घेऊन. आमच्या आळीत घरोघर गणपतीच्या मूर्ती घडतात. ज्यांच्या डोळ्यांची आखणीही अजून व्हायची होती, त्यांनाही तिने हात जोडले. "बाप्पा, गुरुवारपर्यंत जग नीट ठेव. शुक्रवारपासून तुझं तू बघ."

डोळेच नव्हते, त्यांना जग काय दिसणार? गुरुवारी सकाळी रेडिओवर पुराची बातमी आली.

"किती गेले?" श्यामलाने विचारलं.

"तीनशेच्या वर."

"कुठे?"

"आफ्रिकेत."

"अगं बाई! म्हणजे दहा दिवस!" ती मटकन खाली बसली. मग उठली. "चला लवकर. त्यांनी टीव्ही लावायच्या आत पेढा तोंडात घालू."

मी पेढ्यांचा पुडा उचलला. तीनशे माणसांबद्दल आमच्या घरात याहून जास्त कुणी बोललं नाही. मीही नाही.

रोह्याला पोचलो तर मोरोपंत रेशमी कद नेसून प्रसन्न उभे! टीव्हीचा पडदा काळा होता. "केबलवाला रघू सकाळपासून गायब आहे," ते कुरकुरले. "जगात काय चाललंय, काही पत्ता नाही. या, बसा."

श्यामलाने मला कोपर मारलं. तेवढ्यात समोरून बायकांचा रडण्याचा आवाज आला. मोरोपंतांनी उठून रस्त्याकडची खिडकी लावली.

"गिरजाबाई गेली पहाटे," ते म्हणाले. "समोरच राहायची, आमच्याकडे भाजी घालायची. रघूची आजी. म्हणून तर केबल बंद. वय झालं होतं, सुटली. आपल्याला त्याचं सुतक नाही, शास्त्रात बसत नाही. श्रीरंग कुठे गेला? मुहूर्त टळेल."

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. श्रीरंग समोरच्या अंगणात तिरडीच्या गाठी मारत होता. नवा सदरा त्याने कुंपणावर टाकला होता. रघू त्याला म्हणत होता, "दादा, तुमी जावा. तुमच्याकडं पावनं हायत. आमी हाव ना हितं."

श्रीरंग गेला नाही. तो आला ते खांदा देऊन, मागच्या दाराने, डोक्यावरून पाणी घेऊन. तोवर मुहूर्ताची शेवटची घटका राहिली होती.

"आंघोळ झाली ना? मग झालं," मोरोपंत म्हणाले. "बस पाटावर."

तो बसला नाही. ओल्या केसांतून पाणी फरशीवर पडत होतं. "बाबा, आई दवाखान्यात होती तेव्हा मी गिरजाबाईंकडे जेवत होतो. आज मला पेढा गिळायचा नाही."

"अरे, पाहुणे—"

"नाही जमणार, बाबा."

घरात सगळे सुनीतीकडे पाहू लागले. तारखेची अट रोह्यापर्यंत पोचली होती. श्यामलाने ती स्वतःच पोचवली होती. वडील म्हणून आपण काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. मी घसा खाकरला, पण तीच आधी बोलली.

"तेराव्यानंतरची तारीख काढा," सुनीती म्हणाली. "मी थांबेन." मग श्रीरंगला म्हणाली, "डोकं पुसा आधी. सर्दी होईल."

आणि तेवढ्यात, रघूच्या कुणी भावाने जोडली की काय, केबल आली. पडद्यावर गढूळ पाणी आणि छपरांवर बसलेली माणसं. मोरोपंतांचे डोळे बघता बघता ओले झाले. "अरेरे! विष्णुपंत, पाहिलंत? बरं झालं पेढा खाल्ला नाही! आता दहा दिवस काही बोलायचं नाही!"

हे मात्र मला सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठामपणे करायचं ठरवलं. उठलो आणि टीव्ही बंद करायला बटण फिरवलं. ते आवाजाचं निघालं. आफ्रिकेतला आकांत सगळ्या आळीला ऐकू गेला. शेवटी सुनीतीने येऊन प्लग काढला.

साखरपुडा पुरामुळे पुढे गेला, असं मोरोपंत अजून सांगतात. सांगोत बापडे.

चौथ्या तारखेला मात्र सगळं यथासांग झालं. त्या दिवशीही जगात कुठे ना कुठे काहीतरी झालंच असेल. पण रोह्यात पहाटेपासून केबल बंद होती. कुणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. रघू पहिल्या पंगतीला श्रीरंगच्या शेजारी बसून जेवत होता, आणि मोरोपंत त्याला आग्रहाने वाढता वाढता पुन्हा पुन्हा विचारत होते, "अरे, कधी चालू करतोस?"

"जेवन तर होऊं द्या, काका," रघू म्हणाला, आणि त्याने आणखी एक पेढा घेतला.